ओढ्याअलीकडचं झाड

पिंकम हिल, मेन
४ ऑक्टोबर २०१५

प्रिय व्हर्ना,

फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तू मनाने जुळवतेस. मागे मी छपराची दुरुस्ती म्हणालो, तर तू जॉइसकडे माझ्या ऑपरेशनची चौकशी केलीस. तेव्हा पत्रच बरं.

बातमी अशी, की यंदा मी केझाया सफरचंदाचं एकट्याचं सायडर करणार आहे. आजवर आपल्या घरात काय चाललं, तर गोडीला गोल्डन रसेट, आंबटपणाला बाल्डविन आणि उरलेली जागा भरायला केझाया. सगळ्यांचा रस एकाच पिंपात ओतायचा आणि आंबवायचा. लागायचं चांगलं, पण कुणाची चव कुठली ते बापजन्मात कळायचं नाही. आता मे महिन्यात पोर्टलंडला जुन्या जातींच्या सायडरचा मेळा भरतो. एका बाटलीत एकच जात, हा तिथला नियम. जो तो नॉर्दर्न स्पाय नाहीतर रॉक्सबरी रसेट घेऊन येतो. केझाया मात्र जगात फक्त आपल्याकडे आहे, वरच्या रांगेतली बारा झाडं. मेळ्यात जागा मागितली, मिळाली. माझी छाती किती फुगली आहे ते जॉइसला विचार. शर्टाची बटणं तीच लावते.

आता तुझं काम. बी पेरून तेच सफरचंद परत मिळत नाही, काडी कापून कलम बांधावं लागतं, हे शहरातल्या गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं. म्हणून लेबलवर चार ओळी हव्यात आणि त्या तूच लिहायच्या. केझाया पिंकम या आपल्या पूर्वज बाईने फेकलेल्या बीतून ओढ्यापलीकडे ते मूळ झाड उगवलं. १९६६च्या मार्चमध्ये बाबांचा पाय प्लास्टरमध्ये होता, म्हणून तू एकटी बर्फातून जाऊन त्याच्या काड्या कापून आणल्यास. मेमध्ये बाबांनी कलमं बांधली आणि नोव्हेंबरच्या वादळात मूळ झाड आडवं झालं. तू गेली नसतीस तर केझाया त्याच दिवशी संपलं असतं. मी तेव्हा सहा वर्षांचा, मला काही आठवत नाही.

आणि या खेपेला तोडणीला ये. घर सोडल्यापासून तू येतेस ती बर्फ पडल्यावरच.

तुझा,
लेलंड

*

टोलीडो, ओहायो
१३ ऑक्टोबर २०१५

प्रिय लेलंड,

छप्पर आणि तू दोघंही धडधाकट आहात हे वाचून बरं वाटलं.

केझायाचं एकट्याचं करू नकोस. गोडी, आंबटपणा आणि तुरटपणा तिन्ही एका फळात क्वचितच असतात. म्हणून तर आजोबांनी रस मिसळायची पद्धत घातली, ते काही खुळे नव्हते. एकच जात हवी असेल तर गोल्डन रसेटचं कर, ते एकट्याने निभावून नेतं. केझायाचं नाव बाटलीवर नको.

चार ओळींचं मला जमणार नाही. चाळीस वर्षं मी रोग्यांचे तक्ते लिहिले, लेबलं नाही. ऑक्टोबरात येणंही कठीण आहे, गुडघा दुखतो.

जॉइसला सांग, लोकरीचे मोजे मिळाले.

व्हर्ना

*

पिंकम हिल
२६ ऑक्टोबर २०१५

प्रिय व्हर्ना,

तुझा गुडघा मोठा हुशार दिसतो. डिसेंबरात बर्फावरून चालतो आणि ऑक्टोबरात गवतावर दुखतो.

सरळच विचारतो. बाबांनी मळा माझ्या नावावर केला याचा राग तुला अजून आहे का? आई म्हणायची, तुझ्या मनात काहीतरी अढी आहे. मी म्हणायचो, छे, व्हर्नाला चिखल आवडत नाही एवढंच. आता वाटतं, आईचंच खरं. इतकी वर्षं तू मळ्याबद्दल चांगलं बोलली नाहीस आणि वाईटही बोलली नाहीस. आज पहिल्यांदा मला काहीतरी स्वतःचं करायचं आहे, तर तू म्हणतेस नाव नको.

तोडणी झाली. केझाया शेडमध्ये मुरायला ठेवलं आहे. अंगठा दाबल्यावर खळगा पडला की रस काढायचा. परवा ओढ्याखालचा एल्वुड ग्रिंडल आला होता. ब्याण्णव वर्षांचा झाला, तरी गाडी स्वतः चालवतो आणि वाटेत लोकांच्या पत्रपेट्या पाडतो. मी त्याच्या हातावर वरच्या रांगेतलं एक सफरचंद ठेवलं. त्याने चावा घेतला, मला वरून खालून बघितलं आणि म्हणाला, "छान आहे. पण हे केझाया नाही."

मी म्हटलं, "मग काय बटाटा आहे?"

"केझाया खाल्लं की एक डोळा आपोआप मिटायचा," म्हणाला. "हे मी दोन्ही डोळे उघडे ठेवून खाल्लं."

म्हाताऱ्याची जीभ गेली, दुसरं काय. आम्ही खूप हसलो. तू असतीस तर तूही हसली असतीस.

लेलंड

*

पिंकम हिल
१५ डिसेंबर २०१५

प्रिय व्हर्ना,

दीड महिना तुझं पत्र नाही. मी जरा जास्तच बोललो असं जॉइसचं म्हणणं आहे. मला तसं वाटत नाही, पण कार्ड पाठवतो आहे.

रस तळघरात सावकाश आंबतो आहे. काल नळीने चमचाभर काढून चाखला. व्हर्ना, तुझं चुकलं. ते एकट्याने निभावून नेतं. आधी मध, मग लिंबाच्या सालीसारखं काहीतरी, आणि शेवटी ओल्या दगडाचा वास जिभेवर राहतो.

सहाशे लेबलं छापून आली. एक सोबत आहे. तुझ्या चार ओळींची जागा कोरी सोडली आहे. नाताळला येणार ना?

लेलंड

*

टोलीडो
६ जानेवारी २०१६

प्रिय लेलंड,

नाताळला आले नाही, कारण तुझं लेबल माझ्या टेबलावर होतं आणि ते बघून तुझ्यासमोर उभं राहण्याचं धैर्य माझ्यात नव्हतं.

एल्वुडची जीभ शाबूत आहे. वरची रांग केझाया नाही.

त्या मार्चमध्ये मी ओढ्यापर्यंत गेले. बर्फाचा रंग बदलला होता, खालून पाण्याचा आवाज येत होता. काठावर एक पाय टेकवला तेव्हा कड्कन आवाज झाला. मी मागे आले. अलीकडे दगडी गडग्याला लागून एक रानटी सफरचंदाचं झाड होतं, तुला आठवणार नाही, पुढे रस्ता रुंद करताना तोडलं. मी त्याच्या काड्या कापल्या. साल तशीच होती, जाडीही तशीच होती. घरी परत गेले असते तर बाबा काही बोलले नसते. पण खिडकीतून ते वाट बघत होते. मुलगा असता तर गेला असता, असं ते मनात म्हणतील, हीच मला भीती होती. तू सहा वर्षांचा होतास आणि तुझा मला रागच यायचा, ते मात्र खरं आहे.

वाटलं होतं, आठवड्याने परत जाऊन खऱ्या काड्या आणू आणि तळघरातल्या ओल्या भुशात बदलून ठेवू. पण सोमवारीच नर्सिंगच्या शाळेला निघावं लागलं. मग म्हटलं, पुढच्या वर्षी. मूळ झाड कुठे पळून जातंय? नोव्हेंबरात आईचं पत्र आलं. लिहिलं होतं, "म्हातारं झाड पडलं. बाबा म्हणतात, देवाची कृपा, व्हर्नाने वेळेवर काड्या कापल्या." ते पत्र मी वसतिगृहाच्या जिन्यात बसून वाचलं. दीडशे वर्षांचं सफरचंद मी एका ओढ्यापायी संपवलं, हे मला त्या जिन्यात कळलं.

म्हणून मी फळांच्या दिवसांत आले नाही. बाबांनी त्या रांगेतलं सफरचंद माझ्या हातावर ठेवलं असतं आणि मला ते त्यांच्यासमोर खावं लागलं असतं. मळ्याचा राग कधीच नव्हता. मळा तुला मिळाला याचं मला हायसंच वाटलं.

गप्प राहिले असते तरी चाललं असतं, हे मला कळतं. जुळवून बघायला जगात दुसरं केझाया नाही आणि एल्वुडचं कुणी ऐकणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मेळ्यात तू त्या बाटलीशेजारी उभा राहशील आणि लोकांना माझी गोष्ट सांगशील. ते मला सहन होणार नाही.

व्हर्ना

*

पिंकम हिल
१९ जानेवारी २०१६

व्हर्ना,

पत्र मिळालं. मेळ्यातली जागा सोडली. लेबलं सरपणाच्या पेटीत टाकली आहेत, चूल पेटवायला बरी पडतात.

पन्नास वर्षं. एक ओळ लिहायला तुला पन्नास वर्षं लागली. मी लोकांना, शाळेतल्या पोरांना, वर्तमानपत्रवाल्यांना तुझी गोष्ट सांगत राहिलो आणि तू ऐकत राहिलीस. बाबा गेले तेही ते खोटं उशाशी घेऊन.

सध्या लिहायला काही नाही.

लेलंड

*

पिंकम हिल
२० मार्च २०१६

प्रिय व्हर्ना,

दोन महिने लिहिलं नाही. मागचं पत्र मी जॉइसला न दाखवता टाकलं. नंतर काय लिहिलं ते सांगितलं. तीन दिवस ती माझ्याशी फक्त जेवणापुरतं बोलली.

गेल्या महिन्यात एल्वुड न्यूमोनियाने इस्पितळात होता. मी भेटायला गेलो. म्हटलं, "तुझं खरं निघालं, वरची रांग केझाया नाही." म्हातारा म्हणाला, "ते मला तुझ्या बापाने त्र्याहत्तर सालीच सांगितलं होतं."

खाली बस आणि पुढचं वाच.

त्र्याहत्तरला वरच्या रांगेला पहिलं फळ आलं. बाबांनी एक चावा घेतला आणि त्यांना कळलं. कळणारच. ज्या माणसाला डोळे बांधून पंधरा जाती ओळखता यायच्या, त्याला आपल्या घरचं सफरचंद कळणार नाही? ते एल्वुडकडे गेले. म्हणाले, "पोरीने गडग्याजवळच्या झाडाच्या काड्या आणल्या. कुणाला बोलू नकोस. आधीच ती फळांच्या दिवसांत येत नाही. हे मला कळलंय असं तिला समजलं, तर नाताळलाही यायची नाही." मग दोघांनी खांब आणि जाळी घेतली, तुझ्या त्या मार्चनंतर ओढ्यावर बांधलेला पूल तेव्हा शाबूत होता, आणि पलीकडे जाऊन मूळ झाडाच्या बुंध्याभोवती कुंपण घातलं. कारण बुंध्यातून फुटवे आले होते आणि हरणं ते खात होती.

आता घोडं कुठे पेंड खात होतं ते सांगतो. कलमी झाड पडलं तर मुळातून येणारा फुटवा भलत्याच जातीचा असतो, म्हणून आपण तो उपटून फेकतो. मीही आयुष्यभर तेच केलं. पण मूळ केझाया कलमी नव्हतंच, बीतून स्वतः उगवलेलं. त्याच्या मुळातून आलेला फुटवा केझायाच असणार. एवढी साधी गोष्ट, आणि ती मला सुचली नाही. तुलाही सुचली नाही.

मी एल्वुडला विचारलं, "मग बाबांनी पुढे त्याच्या काड्या कापून कलमं का नाही बांधली?" तर म्हणाला, "म्हणायचा, व्हर्ना येऊ दे. तिलाच पाठवतो पलीकडे. या खेपेला ती जाईल." पुढे बाबांची कंबर धरली, पूल वाहून गेला आणि तू काही मार्चमध्ये आली नाहीस. तू त्यांना दुखवायचं नाही म्हणून गप्प, ते तुला दुखवायचं नाही म्हणून गप्प. अशी दोन शहाणी माणसं एका घरात असली की वेड्यांची गरज लागत नाही. एक मात्र आता लक्षात येतं. बाबा त्या रांगेला कधीच केझाया म्हणाले नाहीत. "वरची रांग" म्हणायचे. केझाया आम्हीच म्हणत होतो.

परवा मी पलीकडे गेलो. सगळं पाइनचं रान माजलं आहे. त्यात ते कुंपण आहे. जाळी खोडात रुतली आहे, अर्धी झाडाने गिळली आहे. पण झाड जिवंत आहे, मांडीएवढं जाड. सावली करणारे चार पाइन मी तोडले, ऊन मिळालं तर बहर येईल. काड्या कापल्या नाहीत. फळ चाखल्याशिवाय नाव द्यायचं नाही, एकदा फसलो तेवढं पुरे.

आणि हो. जाताना ओढ्याचा बर्फ फुटला, मी मांडीपर्यंत आत गेलो. छप्पन्न वर्षांचा, शंभर किलोचा पुरुष, "जॉइस, जॉइस" म्हणून ओरडत होतो. तू परत फिरलीस ते बरोबर केलंस. मी बाबा असतो तर तुला पाठवलंच नसतं.

तुझा,
लेलंड

*

टोलीडो
३१ मार्च २०१६

प्रिय लेलंड,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा बाबांचा राग आला, तिसऱ्यांदा स्वतःचा. चौथ्यांदा तू ओढ्यात पडलास तिथे हसू आलं. पाय नीट शेकलास का? गार पाण्याने नस आखडते.

बाबांनी विचारायला हवं होतं रे. एकदा नुसतं "व्हर्ना, ती काडी कुठली?" एवढं म्हणाले असते तर मी सांगून मोकळी झाले असते. एकवीस शरद मी त्यांच्यासोबत काढू शकले असते. त्र्याहत्तरपासून बाबा गेले त्या चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यापर्यंत, बोटांवर मोजले.

बाटल्यांचं काय केलंस?

व्हर्ना

*

पिंकम हिल
५ सप्टेंबर २०१६

प्रिय व्हर्ना,

एल्वुड जुलैत गेला. झोपेत गेला, पत्रपेट्या सुटल्या. त्याच्या अंत्ययात्रेनंतर आम्ही वरच्या रांगेचं सायडर उघडलं, बिनलेबलाच्या बाटल्यांतून. सगळ्यांना आवडलं. पाद्रीबाईंनी तीन पेले घेतले आणि विचारलं, "कुठल्या जातीचं?" मी म्हटलं, नाव नाही. रानटी झाडाला नाव द्यायचा हक्क आपल्याकडे ज्याने पहिली काडी कापली त्याचा. म्हणजे तुझा. कामाला लाग.

दुसरं म्हणजे पलीकडच्या झाडाला यंदा फळ आहे. मोजून एकोणीस, वर खारी बसलेल्या. ऑक्टोबरच्या मध्याला पिकतील. आता केझायाची चव माहीत असलेलं जगात एकच माणूस उरलं आहे आणि त्याचा गुडघा ऑक्टोबरात दुखतो. टपालाने पाठवणार नाही. यायचं असेल तर ये, नाहीतर एकोणीसच्या एकोणीस खारींना देतो.

लेलंड

*

टोलीडो
२३ ऑक्टोबर २०१६

प्रिय लेलंड,

सुखरूप पोहोचले. जॉइसने भाजून दिलेली ॲपल पाय विमानतळावरच्या तपासणीत त्यांनी उघडून बघितली. तपासणाऱ्या पोराने वास घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी त्याला एक तुकडा दिला.

तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर जे बोलले नाही ते आता लिहिते. तू तीन बशा मांडल्यास, प्रत्येकीत एक फोड. एक वरच्या रांगेतली, एक बाल्डविन, एक पलीकडची. कुठली कुठे ते सांगितलं नाहीस. तुझा माझ्यावर विश्वास नव्हता आणि ते योग्यच होतं, माझा माझ्यावर नव्हता. खरं सांगते, मी चव विसरले होते. पन्नास वर्षं ज्याच्यासाठी तोंड लपवलं त्याची चव मला आठवत नव्हती. विमानात सगळा वेळ हीच भीती होती, की मी काहीतरी ठरवून "हेच" म्हणेन आणि पुन्हा एक खोटं तुझ्या गळ्यात बांधेन.

पहिल्या फोडीला काही झालं नाही. दुसरीला नाही. तिसरी तोंडात घातली आणि माझा डावा डोळा मिटला. मी मिटला नाही, तो मिटला. मागोमाग आईचं हसणं आठवलं. ती म्हणायची, "बघा, पिंकमांनी डोळा मारला." तू घाईघाईने उरलेला तुकडा उचलून खाल्लास आणि तुझाही डोळा मिटला. पन्नास वर्षांनंतरही तो शिकवावा लागला नाही. तू मग खिडकीकडे तोंड करून ताटल्या विसळत बसलास. ताटल्या स्वच्छ होत्या, लेलंड.

आता लेबलं. सहाशेपैकी जी चुलीत गेली नसतील ती जपून ठेव, सात-आठ वर्षांनी खऱ्या केझायासाठी लागतील. मी तेव्हा अठ्ठ्याहत्तरची असेन, तेव्हा रेंगाळू नकोस, वेळेवर काम कर. वरच्या रांगेसाठी नवी छाप. नाव ठरवलंय, "अलीकडचं". चार ओळी अशा:

"हे सफरचंद दगडी गडग्याजवळ आपोआप उगवलं. याच्या काड्या व्हर्ना पिंकम हिने मार्च १९६६मध्ये कापल्या. तिला दुसऱ्याच झाडाच्या आणायच्या होत्या. ओढ्याचा बर्फ कच्चा होता आणि ती घाबरली."

एक शब्दही बदलू नकोस. जॉइस म्हणेल हे गिऱ्हाइकाला विचित्र वाटेल. वाटू दे.

पलीकडच्या काड्यांना हात लावू नकोस. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याचं तिकीट काढलं आहे, त्या मीच कापणार. ओढ्यावर एक भक्कम फळी टाकून ठेव.

तुझी,
व्हर्ना